एलपीचा शेवटचा इंच

ख्यालाची एलपी लावली की पहिली दहा-पंधरा मिनिटं तक्रारीला जागा नसते. विलंबित संथ चाललेलं असतं, तानपुरा भरून आलेला असतो. मग द्रुत सुरू होतं, ताना सुटतात आणि आवाजाला खरखरीत कड येते. ‘स’ आणि ‘श’ फुटतात, हार्मोनियम करकरते, सतारीच्या झाल्यात चिकारीच्या तारांची नुसती छमछम उरते. रेकॉर्ड चोर बाजारातून आणलेली असेल तर दोष तिच्या माथी मारणं सोपं. ती झिजलेली असूही शकते. पण कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारी डबी, नीट बसवल्यावर यातला बराचसा त्रास जातो. म्हणूनच टर्नटेबल लावायचं ते शेवटच्या इंचाकडे बघून, असं माझं ठाम मत आहे. पहिलं गाणं छान वाजलं म्हणून लगेच स्क्रूड्रायव्हर आवरून ठेवणारे इथेच फसतात.

कारण साधं आहे. एलपीचे फेरे मिनिटाला ३३⅓ ठरलेले, पण खाच बाहेरून आत येते तसा घेर लहान होत जातो. मध्यापासून १४६ मिमीवर सुईखालून सेकंदाला ५१ सेंमी खाच सरकते, ६० मिमीवर फक्त २१. म्हणजे १० हजार हर्ट्झची जी लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांबीत कोरलेली असते, ती आत २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते. साध्या गोल टोकाच्या, म्हणजे कॉनिकल सुईच्या टोकाची त्रिज्या १५ मायक्रॉनच्या आसपास. एवढं जाड टोक त्या वळणात मावत नाही, ते वळणाच्या माथ्यांवरून घसरत जातं. त्यात सुई जराशी तिरकी बसली असेल तर झालंच.

हा तोटा सगळ्याच संगीताला होतो. आपल्या शास्त्रीय संगीताचं दुर्दैव असं की गाण्याचा सगळा वेग आणि तारसप्तक नेमकं तिथेच येतं. बावीस मिनिटांच्या बाजूतला शेवटचा इंच म्हणजे साधारण सहा-सात मिनिटं, म्हणजे जवळजवळ अख्खं द्रुत. शिवाय एका बाजूत एक राग बसवायचा म्हणून या एलपी लेबलाच्या अगदी जवळपर्यंत कोरलेल्या असतात. चित्रपटगीतांच्या एलपीत शेवटचं गाणं बेताचं वाजलं तर फार बिघडत नाही. इथे मैफलीचा कळसच हातचा जातो.

उदाहरणासाठी टेक्निक्सचं एसएल-१२०० घेतो. हे मशीन १९७२ साली आलं, त्याची सुधारित आवृत्ती एमके-२ १९७९ साली. जुन्या बाजारात अजून मिळतं आणि त्याची मापं पक्की ठाऊक आहेत. कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ किंवा ऑर्टोफॉनचं टूएम रेड. दुसरं काही असेल तरी पद्धत तीच, फक्त मापं आपल्या टोनआर्मची, म्हणजे कार्ट्रिज पेलणाऱ्या दांडीची, घ्यायची.

आधी जागा. टर्नटेबल स्पीकरच्या डोक्यावर ठेवू नये, स्पीकरच्याच लाकडी युनिटवरही नको. बास सुईत शिरतो, सुईतून परत स्पीकरमध्ये जातो आणि घुमायला लागतो. फ्लॅटच्या काँक्रीट स्लॅबवर चालण्याचा धक्का फारसा लागत नाही, पण वाड्याच्या लाकडी माडीवर कोणी टाच आपटत गेलं की सुई उडी मारते. तिथे भिंतीत ठोकलेला ब्रॅकेट हाच उपाय. दगडाचं म्हणाल तर महागड्या आयसोलेशन प्लॅटफॉर्मच्या आधी कडप्पा वापरून बघा. ५० बाय ४० सेंमी, २ सेंमी जाडीची फरशी दहा-अकरा किलो भरते. ओट्याचं काम करणारा कडा घासून देतो, खाली रबराचे चार जाड तुकडे घातले की काम होतं. मग पाणसळ प्लॅटरवर, म्हणजे फिरणाऱ्या थाळीवर, ठेवून दोन्ही दिशांना बघायची, प्लिंथवर, म्हणजे खालच्या पेटीवर, नाही. टर्नटेबलचे पाय फिरवून बुडबुडा मध्ये आणायचा.

आता कार्ट्रिज. ते टोनआर्मच्या टोकाच्या ज्या पट्टीला बसतं ते हेडशेल. हेडशेलमधल्या चार तारांचे रंग जगभर तेच: पांढरी डावा धन, निळी डावा ऋण, लाल उजवा धन, हिरवी उजवा ऋण. तारांच्या टोकाच्या टोप्या कार्ट्रिजच्या पिनांवर बसवताना तार ओढू नका, बारीक चिमट्याने टोपीच धरा. टोपी घट्ट असेल तर टूथपिकने किंचित सैल करा, सैल असेल तर चिमट्याने हलकीच दाबा. पिनेवर सोल्डरिंग आयर्न कधीच लावायचं नाही, आतली केसाएवढी वायर वितळते. सुईचं झाकण शेवटपर्यंत लावून ठेवा आणि स्क्रूड्रायव्हर चुंबकाला न चिकटणारा घ्या. कार्ट्रिजमधलं चुंबक साधा स्क्रूड्रायव्हर स्वतःकडे खेचतं आणि तो थेट सुईवर आपटतो. स्क्रू एम२.५चे, दोन भोकांमधलं अंतर १२.७ मिमी. आत्ता ते फक्त अडकवायचे, कार्ट्रिज बोटाने सरकलं पाहिजे.

यापुढचं काम सावकाश करायचं. एका टोकाला खिळलेला टोनआर्म खाचेला बरोबर स्पर्शरेषेत असतो तो संपूर्ण बाजूत फक्त दोन ठिकाणी, बाकी सगळीकडे थोडा तिरका. ती दोन ठिकाणं कुठे आणायची ते कार्ट्रिज पुढे-मागे सरकवून आणि किंचित फिरवून ठरतं. याच्या दोन पद्धती सगळ्यात जास्त वापरात आहेत. बेरवाल्डच्या गणिताने ही ठिकाणं मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिमीवर येतात, स्टीव्हन्सनच्या गणिताने ६०.३ आणि ११७.४ वर. बेरवाल्डने पूर्ण बाजूचा तिरकेपणा जास्त समतोल वाटला जातो, म्हणून बहुतेक लोक डोळे झाकून तेच घेतात. स्टीव्हन्सन मधल्या पट्ट्यात थोडं गमावतो, पण अगदी शेवटच्या खाचेवर सुई सरळ आणून ठेवतो.

कुठलं घ्यायचं ते वादाने ठरवण्यापेक्षा पट्टीने ठरवा. आपल्या संग्रहातल्या वारंवार वाजणाऱ्या पाच-सात एलपी काढा आणि भोकाच्या मध्यापासून संगीत संपतं तिथपर्यंतचं अंतर मोजा. ६५-७० मिमीवर संपत असेल तर बेरवाल्ड. ६०-६२ पर्यंत खाच येत असेल तर स्टीव्हन्सन. ज्याच्याकडे मुख्यतः जुन्या एचएमव्हीच्या शास्त्रीय एलपी आहेत त्याने माझ्या मते स्टीव्हन्सनच घ्यावं.

एसएल-१२०० मध्ये टोनआर्मच्या खुंटीपासून स्पिंडलपर्यंत, म्हणजे रेकॉर्डच्या भोकात जाणाऱ्या दांड्यापर्यंत, २१५ मिमी. टेक्निक्सचं स्वतःचं माप म्हणजे हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिमी, म्हणजे १५ मिमी ओव्हरहँग (सुई स्पिंडलच्या पुढे जाते तेवढं अंतर). यात सरळ ठिकाणं ५८.८ आणि ११३.५ मिमीवर पडतात. म्हणजे कारखान्याचं माप स्टीव्हन्सनच्या अगदी शेजारी आहे. सुई जेमतेम १ मिमी पुढे घेतली आणि कार्ट्रिज अर्धा अंश आत वळवलं की स्टीव्हन्सन मिळतो. बेरवाल्ड हवा असेल तर सुई जवळजवळ ३ मिमी पुढे आणि कार्ट्रिज पावणेदोन अंश आत. हेडशेलच्या कडेला कार्ट्रिज समांतर दिसत नाही म्हणून लोक घाबरून ते परत सरळ करतात आणि सगळी मेहनत वाया जाते. ते वाकडंच दिसायला हवं.

यासाठी लागणारा प्रोट्रॅक्टर, म्हणजे ती दोन ठिकाणं बिंदू आणि जाळीने दाखवणारा कागद, इंटरनेटवरून छापून घेता येतो. छापताना प्रिंटरची ‘पानात बसवा’ ही खूण काढायला विसरू नका. कागदावरची १०० मिमीची रेघ स्टीलच्या पट्टीने मोजा. ९७ भरली तर तो कागद रद्दीत. भोक स्पिंडलवर घट्ट बसेल एवढंच, ७.२ मिमीच्या आसपास. कागदाचं भोक अर्धा मिमी सैल असेल तर पुढचं सगळं अर्ध्या मिमीने चुकणार. सुई आतल्या बिंदूवर टेकवायची, समोरून बघायचं, मग बाहेरच्या बिंदूवर. बघायचं काय, तर कॅन्टिलिव्हर, म्हणजे सुई ज्या बारीक नळीच्या टोकाला असते ती नळी. ती जाळीच्या रेघांना समांतर हवी. कार्ट्रिजचं अंग समांतर लावून भागत नाही, कारण स्वस्त काय नि महाग काय, कॅन्टिलिव्हर अंगात किंचित तिरका बसलेला असू शकतो. डोळ्यांनी दिसत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करा आणि बाजूने टॉर्च मारा. प्लॅटर हलू नये म्हणून त्याच्या कडेखाली कागदाची घडी सारून ठेवा. दोन्ही बिंदूंवर जमलं की स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळा आणि पुन्हा तपासा. आवळताना कार्ट्रिज हमखास फिरतं. प्लॅस्टिकचं अंग असेल तर आवळण्यात पैलवानकी नको.

सुईचं वजन, म्हणजे खाचेवरचा तिचा भार, ठरवणं सोपं आहे. अँटिस्केट, म्हणजे आत ओढल्या जाणाऱ्या टोनआर्मला बाहेर खेचणारा डायल, शून्यावर, झाकण काढून काउंटरवेट, म्हणजे टोनआर्मच्या मागचं वजन, फिरवत टोनआर्म हवेत आडवा तरंगेल असा करायचा, मग आकड्यांची रिंग शून्यावर आणून हवं तेवढं वजन द्यायचं. टूएम रेडला १.८ ग्रॅम, व्हीएम९५ ला २.०. रिंगवर विश्वास न ठेवता डिजिटल काट्यावर बघा. सोनाराच्या छोट्या काट्याची थाळी उंच असते, टोनआर्म वर उचलला गेल्याने आकडा चुकतो. मोजताना सुई रेकॉर्डच्याच उंचीवर हवी. सुईने खाच खराब होईल या भीतीने लोक वजन कमी ठेवतात, तेच उलटं नुकसान करतं. हलकी सुई जोरदार तानेत खाचेच्या भिंतीवरून सुटते आणि परत येऊन आपटते. कंपनीने दिलेल्या मर्यादेत मधल्या किंवा वरच्या बाजूला राहा.

अँटिस्केटची सुरुवात वजनाएवढ्याच आकड्यावर. काहीजण कोऱ्या, खाच नसलेल्या तबकडीवर सुई ठेवून ती सरकत नाहीशी होईपर्यंत डायल फिरवतात. त्याला फारसा अर्थ नाही, कारण सपाट पृष्ठभागावर सुईचं टोक घासतं आणि खाचेत तिच्या बाजू घासतात. घर्षण वेगळं म्हणजे ओढही वेगळी. खरी चाचणी द्रुतावर. अँप्लिफायरचा बॅलन्स एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे करून तीच तान ऐका. उजवीकडे जास्त फाटत असेल तर अँटिस्केट वाढवा, डावीकडे फाटत असेल तर कमी करा. टोनआर्म आत ओढला जातो तेव्हा सुई आतल्या भिंतीला रेलते, ती भिंत डाव्या चॅनलची. बाहेरची, उजव्या चॅनलची भिंत सुटते. हे एकदा डोक्यात बसलं की दिशेचा गोंधळ होत नाही.

टोनआर्मच्या उंचीवर मात्र लोक नको तेवढा वेळ घालवतात. रेकॉर्ड वाजत असताना टोनआर्म तिला समांतर दिसला की पुरे. २३० मिमीच्या टोनआर्मचं मागचं टोक ४ मिमी वर-खाली केलं तर कोन एक अंश बदलतो. पातळ आणि जाड एलपीच्या जाडीतला फरक एक मिमीसुद्धा नसतो. प्रत्येक रेकॉर्डला उंची बदलणारे धन्य होत. समोरून मात्र एकदा बघा: सुईखाली छोटा आरसा ठेवला की कार्ट्रिज आणि त्याचं प्रतिबिंब एका सरळ उभ्या रेषेत दिसायला हवं. दिसत नसेल तर हेडशेल कॉलरमध्ये थोडं फिरवा.

फोनो स्टेजकडे, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटकडे, वळताना दोन आकडे. वरच्या दोन्हींसारख्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ४७ किलोओहम आणि साधारण ४० डेसिबल गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, लागतो. टूएम रेडला १५० ते ३०० पिकोफॅरड कपॅसिटन्स हवा, व्हीएम९५ ला १०० ते २००. हा हिशेब केबल धरून आहे. लांब स्वस्त केबल आणि वर फोनो स्टेजचा स्वतःचा कपॅसिटन्स असं झालं की व्हीएम९५ ची मर्यादा ओलांडली जाते, वरच्या सप्तकात उठाव येतो आणि सारंगी कानाला टोचते. तेव्हा केबल छोटी करा, नवं कार्ट्रिज घ्यायला धावू नका. डेनॉनचं डीएल-१०३ हे १९६०च्या दशकातलं मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज अनेकांच्या गळ्यातला ताईत आहे. मधल्या सप्तकातला त्याचा भरदारपणा खरा आहे. पण त्याचं टोक गोल, १६.५ मायक्रॉनचं, आणि शेवटच्या इंचात ते गोलपण लपत नाही. शिवाय ०.३ मिलिव्होल्टसाठी ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो आणि सगळी गुणगुणही तेवढीच मोठी होते.

गुणगुणीचं म्हणाल तर आधी टर्नटेबलची बारीक अर्थ वायर फोनो स्टेजच्या स्क्रूला लागली आहे का ते बघा. लागलेली असूनही खर्जातला सलग हुंकार राहिला तर कुठला तरी ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजच्या जवळ आहे. अँप्लिफायर दीड हात बाजूला सरकवा. हुंकार नसून ‘झर्र’ असा तिखट आवाज असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर बंद करून बघा, बहुतेक वेळा चोर तोच निघतो. प्लगची तिसरी पिन काढून गुणगुण घालवायचा सल्ला कोणी दिला तर त्याचं ऐकू नका. जुन्या इमारतीत अर्थिंगच नसेल तर वायरमनला बोलवा.

अमेरिकेतून जुनं बेल्टचं टर्नटेबल कोणी आणणार असेल तर मोटर बघून घ्या. ६० हर्ट्झची सिंक्रोनस मोटर आपल्या ५० हर्ट्झवर मिनिटाला २७.८ फेरे देते. हार्मोनियमच्या पांढरी पाचला गाणारी बाई पांढरी तीनच्याही किंचित खाली येते, आणि व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही. एसएल-१२०० एमके-२ सारख्या क्वार्ट्झ मशीनला हा प्रश्न नाही, तिथे फक्त व्होल्टेज जुळवायचं. टर्नटेबल ठीक असूनही तानपुरा दर पावणेदोन-दोन सेकंदांनी हेलकावत असेल तर रेकॉर्डचं भोक मध्यात नाही. एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात, त्यावरूनच ओळखायचं. भोक ०.३ मिमी सरकलेलं असेल तर शेवटच्या खाचांत स्वर अर्धा टक्का वर-खाली होतो. गिटार-ड्रम्समध्ये तो खपून जातो, अचल षड्जाशेजारी खपत नाही.

एवढं करूनही द्रुत फाटत असेल तर धूळ आणि बुरशी. आपल्या पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, एलपीवर पांढरट जाळी धरते आणि ती कोरड्या ब्रशने जात नाही. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर चार भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, बिनवासाच्या लिक्विड सोपचे दोन-चार थेंब. लेबल कोरडं ठेवून मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन उभी वाळवा. हे फक्त एलपीला. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोल लाख विरघळवतं, त्यांना हे मिश्रण चुकूनही लावू नका. धुतलेली एलपी जुन्या बुरसटलेल्या कव्हरात परत घातली तर महिन्यात तेच. आतलं पाकीट नवं, पॉलिथिनचं घ्या, पीव्हीसीचं नको. रेकॉर्डी उभ्या ठेवा.

धुऊनही फाटणारी रेकॉर्ड खरंच झिजलेली असते. सूटकेससारख्या बंद होणाऱ्या प्लेअरमध्ये चार-पाच ग्रॅम वजनाने सिरॅमिक कार्ट्रिजची सफायरची सुई वर्षानुवर्षं फिरलेली असते. तरी एक उपाय उरतो. मायक्रोलिनियर किंवा शिबाटा टोकाची सुई खाचेच्या भिंतीला उंच-अरुंद पट्टीत टेकते, आधीच्या गोल सुईने न घासलेल्या भागालाही, आणि तिची धार इतकी बारीक असते की २१ मायक्रॉनची लाट तिला जड जात नाही. व्हीएम९५ चा मोठा फायदा इथे आहे: अंग तेच ठेवून लंबवर्तुळी सुई काढून मायक्रोलिनियर बसवता येते. ऑडिओ-टेक्निका लंबवर्तुळी सुईचं आयुष्य साधारण ३०० तास सांगते, मायक्रोलिनियरचं १०००, त्यामुळे जास्तीची किंमतही बरीचशी वसूल होते. मात्र धारदार सुई तिरकेपणा अजिबात खपवून घेत नाही. ती बसवल्यावर प्रोट्रॅक्टर पुन्हा काढा आणि आतल्या बिंदूपासून तपासायला लागा.